लग्न कुणाचं, आणि कुणासारखं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला लग्नाविषयी बोलायला सांगितलं आहे. विषय साधा वाटतो, पण वस्तीतली निम्मी भांडणं आणि निम्मी कर्जं याच विषयातून निघतात. आम्ही साचेखात्यातली माणसं, शाळा थोडी झालेली. जे वाचलं ते पाळी संपल्यावर. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

गेल्या उन्हाळ्यात याच सभागृहात एक लग्न झालं. मुलगी नागपूरकडची, मुलगा महाड तालुक्यातला. दोघांचीही घरं धम्मातली. तरी पहिल्या बैठकीत काय ऐकलं? "माणसं चांगली आहेत हो, पण आमच्यातली नाहीत." आम्ही विचारलं, आमच्यातली म्हणजे कोणती? उत्तर कुणालाच देता येईना, कारण उत्तर दिलं की पोटजातीचं नाव तोंडातून बाहेर पडणार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे सोडलं, ते बैठकीच्या चटईखाली आपण अजून जपून ठेवलंय. कोकणातला बौद्ध, घाटावरचा बौद्ध, वऱ्हाडातला बौद्ध! सोयरिकीच्या वहीत रकाने पाहा, डोळे उघडतील.

मोठी माणसं अडून बसली तेव्हा पोरांनीच मार्ग काढला. दोघांना लेण्यांचा नाद. ओळखही कान्हेरीच्या सहलीतच झालेली. मुलगा म्हणाला, "काका, आमचा वारसा सांगायचा तर नागपूर नि महाड दोन्ही सांगू. त्यात भांडायचं काय?" पत्रिकेवर एका बाजूला दीक्षाभूमीचा स्तूप, दुसऱ्या बाजूला महाडजवळची गांधारपाले लेणी छापली. भाड्याचा मोर-हत्तींचा मंच नाकारला. चित्रकलेच्या वर्गातल्या पोरांनी पुठ्ठ्याची चैत्यकमान केली. थोडी वाकडी झाली होती, पण आपली होती. जेवणात वांग्याची भाजी तिकडची, तांदळाची भाकरी इकडची, आणि बुंदीवर कुणाचंच भांडण नव्हतं.

आहेराची गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यात आवडली. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची दानं कोरलेली आहेत. दाता कुठला, धंदा काय, दिलं काय, असं त्यात वाचायला मिळतं. देणाऱ्या बायाही आहेत. या दोघांनी दारात तशीच वही ठेवली. भांडी, साड्या काही आणू नका, अभ्यासिकेसाठी पुस्तक द्या आणि वहीत नाव, गाव, काम लिहा. आमच्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी वहीत आपलं काम स्वतःच्या हातानं लिहिलं. पोरांच्या कंपासपेट्या दिल्या त्यांनी. ती वही कपाटात आहे, बघून जा.

आता विधीचं. ४ डिसेंबर १९५६ ला, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध लग्नाची रीत लिहून दिली. होम नाही, सप्तपदी नाही. मध्ये स्टुलावर नवं मडकं काठोकाठ पाण्यानं भरलेलं, त्यात सुताचा धागा, धाग्याची दोन टोकं दोघांच्या हातात, अंगावर पांढरी वस्त्रं आणि मंगलसुत्ताचं पठण. एवढंच. ज्यांना २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घ्यायला चालत जावं लागलं, त्यांच्या नातवंडांच्या लग्नात मध्ये पाणी ठेवलंय. आणि सूत! ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या सुतावर जगल्या, त्यांना यापेक्षा जवळची वस्तू कोणती? पण आपण तो धागा मिनिटभर धरतो आणि फोटोवाल्याकडे बघतो.

सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच कर्तव्यं सांगितली आहेत: बायकोचा मान राखणं, तिला हिणवू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहणं, घरचा कारभार तिच्या हाती देणं, वस्त्र-अलंकार देणं. बायकोचीही पाच आहेत. या जोडप्यानं ती आपल्या बोलीत लिहून काढली, आणि भन्तेजींच्या परवानगीनं मोठ्यानं वाचली. कारभाराच्या ओळीला मागून बायकांनी टाळ्या वाजवल्या, पुरुष जरा उशिरानं वाजवायला लागले! ही परंपरा काही परकी नाही. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीविना. पुढं जोतीरावांनी मराठी मंगलाष्टकं रचली, त्यांत वधू-वर एकमेकांशी बोलतात.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. हळदीला आमचा विरोध नाही, हळदीच्या रात्री डीजेला पैसे मोजून वर्षभर हप्ते फेडण्याला आहे. आमचे बाप १८ जानेवारी १९८२ च्या संपात उतरले, तेव्हा उधारीनं घरं कशी पोखरतात ते आम्ही पोरपणी पाहिलं. बाबासाहेबांचं पहिलं लग्न भायखळ्याच्या बाजारात रात्री, बाजार उठल्यावर लागलं. दुसरं १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत, राहत्या घरी नोंदणी पद्धतीनं. भीमगीतांना ढोलकी, पेटी आणि चांगला गळा पुरतो. नवऱ्यामुलाच्या मित्रांनी त्या रात्री अकरापर्यंत गायलं, शेजारच्या आजारी आजींनीही तक्रार केली नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. विधी झाला तरी लग्नाची नोंदणी कराच, कागद पोरीच्या उपयोगी पडतो. जोडीदार दुसऱ्या धर्मातला असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवस आधी नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. तारीख ठरवताना हे तीस दिवस धरा, पंचांग नको.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावं. पाच कर्तव्यांचा तो मराठी कागद समितीकडे आहे, त्याच्या प्रती काढून देऊ. मात्र नवरा-नवरीला बरोबर आणा. नुसते मामा-काका आले तर प्रत मिळणार नाही.

नमो बुद्धाय, जय भीम.