पुस्तक मिटल्यावरच्या गप्पा

(महिला वाचन मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिला आहे 'ऐतिहासिक कादंबरी आणि स्त्री-वाचक'. या विषयावर प्राध्यापक मंडळी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं बोलतील. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या तालुक्याच्या गावी बायकांचं वाचन मंडळ चालवते. महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारी तीन ते पाच, वाचनालयाची मागची खोली. त्या खोलीत जे झालं तेवढंच मी सांगू शकते.

मंडळ सुरू केलं तेव्हा मी एक यादी करून नेली होती. स्त्रीप्रश्नावरची पुस्तकं, आत्मचरित्रं, वैचारिक लेख. बायकांनी ती यादी हातात घेतली, घडी केली आणि म्हणाल्या, "बाई, हे वाचू की पुढं. आधी 'स्वामी' घ्या, 'छावा' घ्या, 'पानिपत' घ्या." मी नाक मुरडलं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, राजे-पेशवे, तलवारी, पालख्या, यातून बायकांना काय मिळणार? पण मराठी माणसाला या कादंबरीची गोडी आजची नाही. १८७१ साली गुंजीकरांची 'मोचनगड' आली, नंतर हरिभाऊ आपटे आले, तेव्हापासून हे चालू आहे. कुठल्याही वाचनालयात जा, ज्या पुस्तकांच्या पाठी निघाल्यात आणि पानं पिवळी पडलीत त्यात ऐतिहासिक कादंबऱ्या असणारच. मी हार मानली. पहिलं पुस्तक ठरलं रणजित देसाईंचं 'स्वामी'.

ही कादंबरी १९६२ सालची. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं, पुढे दूरदर्शनवर मालिकाही झाली. थोरले माधवराव पेशवे, त्यांची पत्नी रमाबाई, काका राघोबादादा, रामशास्त्री ही माणसं आपल्या घरातली वाटावीत इतकी ओळखीची झाली ती या पुस्तकामुळे. माधवराव क्षयानं थेऊरला गेले, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. तिथेच कादंबरी संपते.

आमची चर्चा अगदी रीतसर झाली. भाषा कशी आहे, माधवरावांचा स्वभाव कसा उभा केलाय, रामशास्त्र्यांचा प्रसंग. मी मंडळाची वही ठेवते. त्यात मी त्या दिवशी लिहिलेलं आजही आहे : 'सतीचा प्रसंग अत्यंत परिणामकारक. सर्वांचे डोळे पाणावले.' चार वाजून गेले. पुस्तकं मिटली. चहा आला, कुणीतरी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. मी वही पिशवीत टाकली आणि म्हटलं, "चला, आता नुसत्या गप्पा."

आणि मग आमच्या एक मावशी बोलल्या. मावशी चार घरची धुणीभांडी करतात, रात्रशाळेत सातवी केली आहे, आणि पुस्तक सर्वांत आधी वाचून होतं ते त्यांचं. शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "का हो बाई, ती गोपिकाबाई म्हणजे माधवरावांची आईच ना? मग नानासाहेब गेले तेव्हा ती नाही गेली का सती?"

मैत्रिणींनो, 'स्वामी' मी निदान आठ वेळा वाचलंय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग कुणीच उठायला तयार होईना. गोपिकाबाईंचे यजमान १७६१ च्या जूनमध्ये गेले, त्या त्यानंतर सत्तावीस वर्षं जगल्या. भरपूर राजकारण केलं, मुलाशी भांडल्या, नाशकाकडे जाऊन राहिल्या, नातवाला उपदेशाचं पत्रही पाठवलं. त्याच वाड्यातल्या पार्वतीबाई. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण या बाईंनी ते मानलंच नाही. शेवटपर्यंत, म्हणजे १७८३ पर्यंत, त्या सवाष्ण म्हणून राहिल्या. कुंकू पुसू दिलं नाही. नारायणरावांचा खून झाला १७७३ साली, त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना जपलं, पुरंदरावर ठेवलं, कारण पोटात पेशवाईचा वारस होता. एक वहिनी म्हणाल्या, जिजाबाईंना शिवाजीमहाराजांनी थांबवलं होतं ना? दुसरी म्हणाली, अहिल्याबाईंना सासऱ्यांनी, मल्हाररावांनी थांबवलं, म्हणून तर पुढं त्यांनी इतकी वर्षं राज्य केलं. हे सगळं या बायकांना माहीत होतं बरं का! शाळेच्या पुस्तकातून, कीर्तनातून, मालिकांमधून थोडं थोडं कानावर पडलेलं. फक्त ते कुणी एका जागी ठेवलं नव्हतं.

"म्हणजे ज्यांची गरज होती त्यांना अडवलं," वहिनी म्हणाल्या.

माझ्यातली मास्तरीण लगेच जागी झाली. मी म्हटलं, इतकं सरळ नसतं ते. अहिल्याबाईंनी आपल्या मुलीला, मुक्ताबाईला, किती विनवलं तरी १७९१ साली ती सती गेलीच. पण बोलता बोलता मलाच दुसरी गोष्ट आठवली. छत्रपती शाहू १७४९ साली साताऱ्याला गेले, तेव्हा त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. त्या पेशव्यांच्या विरोधात होत्या, त्यांच्या मार्गातली अडचण होत्या. त्यांना सती जायला भाग पाडलं गेलं, असं इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. मी ते सांगितलं, आणि खोलीत एकदम शांतता झाली. मघाशी ज्या चितेसाठी आमचे डोळे पाणावले होते, तशाच चितेवर दरबाराचा हिशेब चुकता केला गेला होता.

मावशी म्हणाल्या, "रमाबाईला मूलबाळ नव्हतं ना?" नव्हतं. मग सगळ्याजणी मोजायला लागल्या. नवरा गेलेला, मूल नाही, दीर पोरसवदा, काकासासरे आणि काकूसासूबाई गादीवर डोळा ठेवून. जगली असती तर काय होतं तिच्यापुढे? केशवपन, आलवण, एक वेळचं जेवण, वाड्यातली मागची खोली. मी असं म्हणत नाही की रमाबाईंचं माधवरावांवर प्रेम नव्हतं. त्यांच्या मनात काय होतं ते मला, तुम्हाला किंवा कादंबरीकाराला, कुणालाच सांगता येणार नाही. पण कादंबरीत प्रेम सगळी जागा व्यापून बसतं आणि त्या मागच्या खोलीकडे आपली नजर जातच नाही.

आता जे सांगते ते सांगण्याची परवानगी मी त्या बाईंकडून घेतली आहे. आमच्यातल्या एक सभासद तोवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. चर्चेत त्या नेहमी गप्पच असतात. चौतिसाव्या वर्षी यजमान गेले, पदरात दोन मुलं. त्या म्हणाल्या, "माझ्या तेराव्याला आमच्या चुलतसासूबाई सगळ्यांसमोर बोलल्या, रमामाधवासारखी जोडपी आता कुठं राहिली! आता नवरा गेला तरी तिसऱ्या दिवशी बाया चहा पितात." खरंच त्यांनी तिसऱ्या दिवशी चहा घेतला होता. पोरांना शाळेत पाठवायचं होतं, डोकं उठलं होतं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं झाली. अजून चहाचा पहिला घोट घेताना ते आठवतं. म्हणून मी हे पुस्तक वाचलंच नाही. मघाशी नुसती बसून होते."

कुणी काही बोललं नाही. मावशींनी त्यांच्या पुढ्यातला निवलेला कप उचलला, दुसरा गरम चहा आणून ठेवला.

हा प्रसंग मी इथे सांगते आहे तो त्यांच्यासाठी, तसाच माझ्यासाठीही. मी सोळा वर्षांची होते तेव्हा 'स्वामी' लागोपाठ तीनदा वाचलं. मला रमा व्हायचं होतं! पुढे ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांच्या रूपकुंवरला जाळलं. तेव्हा मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. आम्ही मोर्चा काढला, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. १८२९-३० मध्येच बंद केलेल्या प्रथेसाठी पुन्हा नवा कायदा करावा लागला, आणि सतीचं उदात्तीकरण हाही त्यात गुन्हा ठरला. खटल्यांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. खुनाच्या खटल्यातले आरोपी १९९६ साली सुटले, उदात्तीकरणाच्या खटल्यातले उरलेले आठजण २०२४ साली. पण मी सांगत होते ते वेगळंच. मोर्चाहून मी घरी आले, पाय दुखत होते, आणि उशाशी 'स्वामी' होतं. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तिकडची सती म्हणजे खून, आणि इकडची म्हणजे साहित्य. पस्तीस-छत्तीस वर्षांनी एका शेंगा सोलणाऱ्या बाईच्या प्रश्नानं तो संबंध मला दाखवला.

म्हणून 'स्वामी' फेकून द्या असं मी म्हणणार नाही. कुणी बंदीची भाषा केली तर मी विरोधात उभी राहीन. पुस्तक आजही मला आवडतं, त्यातला माधवराव आवडतो. कादंबरीकार कादंबरी लिहितो, इतिहास लिहीत नाही, हेही मला कळतं. मात्र तेराव्याला जमलेल्या बायका कादंबरी आणि इतिहास असा फरक करत नाहीत. त्यांना हाताशी एक मूर्ती लागते, ती पुस्तकातून मिळते, आणि मग ती समोरच्या जित्या बाईच्या डोक्यात घातली जाते.

त्या शनिवारनंतर आम्ही एक बदल केला. वही आता मी ठेवत नाही. चहा आल्यावर वही उघडायची आणि आळीपाळीनं कुणीतरी लिहायचं असं ठरलं. अक्षर वेडंवाकडं असतं, शुद्धलेखनाचं विचारू नका. मी बत्तीस वर्षं वर्गात "गप्पा बंद, विषयावर या" असं ओरडत आले, त्यामुळे मला पहिले काही महिने फार जड गेलं. गप्पांत भरकटणंही होतंच. एकदा अर्धा तास नऊवारी पातळ नेसून घोड्यावर बसता येतं की नाही यावर गेला, आणि दोघींनी प्रात्यक्षिकासाठी बाकाचा घोडा केला. असू दे.

पण त्याच वहीत पुढच्या महिन्याला मावशींनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'शनिवारवाड्यात भांडी कोन घासत होतं?' या प्रश्नासाठी आम्हाला कादंबऱ्या सोडून दुसरीकडे जावं लागलं. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री होत असे, त्यांच्या किमती ठरत, नोंदी होत. हे वाचून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "तरीच पुस्तकात त्या नुसत्या तबक आणून ठेवतात आणि जातात." मग एका तरुण सभासदानं विचारलं की आमच्या वस्तीतल्या बायका या वाड्यात पाणी तरी शिवू शकल्या असत्या का. उत्तर तिनंच पुढच्या वेळी आणलं. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, त्यात पेशवाईत महारामांगांवर काय गुजरलं ते तिनं लिहिलं आहे. तो निबंध आम्ही मोठ्यानं वाचला. माझ्या घडी घातलेल्या यादीत तो होता, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

ज्या बाईंनी 'स्वामी' वाचलं नव्हतं त्यांनी ते गेल्या महिन्यात वाचनालयातून नेलं. परत करताना मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, "भाषा छान आहे. शेवटचं प्रकरण नाही वाचलं. मी तिला थेऊरला जिवंतच ठेवलीय."

पुढच्या शनिवारी आम्ही इनामदारांची 'राऊ' घेतो आहोत. मस्तानीवर सगळ्या बोलतील, पण काशीबाईंविषयीचे प्रश्न वहीत आत्ताच येऊन पडले आहेत. आमच्या प्रतीची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे पूर्ण प्रत असेल तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा, महिन्याभरात परत करीन.