नेम आणि वारा



नेमबाजी ही डोळ्यांची विद्या, असा आपला समज असतो. माझ्या मते ती धीराची विद्या आहे.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत पॉइंट टू-टूची लहान गोळी असते. दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे! रायफलीवर दुर्बीण लावण्यास मज्जाव आहे. ती शेजारी ठेवता येते, आणि तिच्यातून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा असतो. कारण ही हलकी गोळी झुळकेनेही ढळते.

पात्रता फेरीत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून मिळून ६० गोळ्या झाडायच्या. घड्याळ चालूच असते. तरीही वारा फिरला, श्वास बिघडला, तर रायफल उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागते. कुसाळे या फेरीत सातवे होते, अंतिम फेरीत तिसरे आले.

केंदूरच्या मुलांना माळावरचा वारा ओळखीचा आहे. हाती घेतलेली रायफल न झाडता उतरविण्याचा संयम मात्र कष्टाने कमवावा लागतो. तो आपण त्यांना शिकवू या.