तिंबुलस्लोकोची जमीन

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग नावाचं मोठं बंदराचं शहर आहे. तिथून पूर्वेकडे निघालं की महामार्गाच्या कडेनं कारखान्यांची रांग लागते आणि थोड्याच वेळात देमाक जिल्ह्यातला सायुंग तालुका येतो. इथं महामार्ग सोडून समुद्राच्या दिशेनं वळलं, तर पुढं एका जागी रस्ता पाण्यात शिरतो आणि संपतो. मोटरसायकली अलीकडेच लावून ठेवायच्या. पलीकडे तिंबुलस्लोको ही वाडी आहे. तिथं जायचं तर लाकडी फळ्यांच्या अरुंद पुलावरून चालत जायचं किंवा होडीनं. मुलं शाळेत जातात ती अशीच. स्वयंपाकाच्या गॅसची तीन किलोची हिरवी टाकी आणि तांदळाचं पोतंही असंच घरी येतं.

वाडीतली घरं विटांची, पक्की, कौलारू. समुद्रावर राहायचं म्हणून ती कुणी बांधली नव्हती, बांधली तेव्हा त्यांच्यापुढं अंगण होतं. मग भरतीचं पाणी उंबरठा ओलांडून आत येऊ लागलं. या पाण्याला तिथले लोक ‘रोब’ म्हणतात. पहिल्यांदा लोकांनी घरात मातीची भर घातली, काही वर्षांनी पुन्हा घातली. तेही पुरेना, तेव्हा आतल्या आत लाकडी फळ्यांची उंच जमीन उभारली. छप्पर मात्र होतं तिथंच राहिलं. त्यामुळे कित्येक घरांत आज मोठ्या माणसाला वाकून दारातून शिरावं लागतं, आणि पूर्वी छातीपर्यंत येणारी खिडकी आता जमिनीला टेकली आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो छप्पर उचलून घेतो. ज्याच्याकडे नाही त्याला पुढच्या मोठ्या भरतीची धास्ती असते.

वाडीतल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना इथली भातशेती आठवते. नारळ होते, मिरची व्हायची. म्हणजे हा सगळा बदल एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला.

या किनाऱ्याचा जुना इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीला देमाक हे जावातल्या पहिल्या इस्लामी सल्तनतीचं ठिकाण होतं, आणि त्याची भरभराट झाली ती बंदर म्हणून. त्या काळी मुरिया पर्वत आणि जावा यांच्या मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी होती. नद्यांनी आणलेल्या गाळानं ती हळूहळू भरून आली आणि देमाकचं बंदर जमिनीच्या आत राहिलं. तिथली जुनी मशीद आजही उभी आहे, पण समुद्र तिच्यापासून बराच दूर गेला आहे. सायुंगची जमीनही अशीच गाळाची, कोवळी, मऊ चिकणमातीची. अशा मातीच्या खालच्या थरांतलं पाणी उपसलं की ती दबते, आणि एकदा दबली की पुन्हा फुगून वर येत नाही.

नेमकं तेच इथं झालं आहे. सेमारांग ते देमाक या पट्ट्यात काही ठिकाणी जमीन वर्षाला आठ ते दहा सेंटीमीटर खाली बसते. जगभरातल्या समुद्राची पातळी वर्षाला सरासरी तीन-चार मिलिमीटरनं वाढते आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत. हवामानबदल खरा आहे, त्याची काळजी करायलाच हवी. पण तिंबुलस्लोकोत समुद्र जेवढा वर आला, त्याच्या कितीतरी पट जमीन खाली गेली आहे. ती खाली गेली याचं मोठं कारण खोल विंधणविहिरी हे आहे. कारखाने त्यांतून पाणी उपसतात, शहर उपसतं, आणि नळ नसल्यामुळे गावंही उपसतात. ‘समुद्र चढला’ एवढंच म्हणून थांबलं, की या उपशाबद्दल कुणालाच जाब विचारता येत नाही.

समुद्र आत येण्याचं दुसरं कारण कोळंबीचं. १९८० च्या दशकात परदेशी बाजारात कोळंबीला चांगला भाव आला आणि जावाच्या साऱ्या उत्तर किनाऱ्यावर कांदळवनं तोडून कोळंबीची तळी खणली गेली. कांदळवन लाटेचा जोर मोडतं आणि मुळांशी गाळ धरून ठेवतं. ते गेल्यावर लाटा थेट तळ्यांच्या बांधांवर येऊ लागल्या. पेण-अलिबागच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. खारबांध फुटला की शेताचं काय होतं, हे त्यानं पाहिलेलं असतं. फरक एवढाच की सायुंगमध्ये बांध दुरुस्त करावा, तर बांधाखालची जमीनच खचत असते.

शेजारच्या बेदोनो गावानं हे आधी भोगलं. त्यातली तांबाकसारी ही वाडी १९९९ मध्ये हलवावी लागली. २००६ मध्ये रेजोसारी सेनिक या वाडीतली दोनशेहून अधिक कुटुंबं आत सरकली. तांबाकसारीत शेख अब्दुल्ला मुजाकिर या धर्मगुरूंची कबर आहे. १९५० मध्ये त्यांचं दफन झालं, तेव्हा भोवती जमीन होती. आज कबरीच्या चारही बाजूंना समुद्र आहे, आणि तरी यात्रेकरू तिथं जातात. काही मोजकी कुटुंबं या वाड्यांमध्ये मागं राहिली आणि त्यांनी घराभोवती तिवरं लावली. तिथं आता दाट कांदळवन उभं आहे.

तिंबुलस्लोकोचे लोक का जात नाहीत, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. जायचं तर जागा विकत घ्यायला पैसा हवा, आणि पाण्याखालची जमीन विकत कोण घेणार? त्यात कायद्याची अडचण आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार जमीन नष्ट झाली की तिच्यावरची मालकी संपते. ज्या शेतावर आजोबा-पणजोबा राबले, ते समुद्रानं नेलंच, पण कागदावरूनही ते पुसलं जाण्याची भीती आहे. शिवाय पोट इथल्या पाण्यावर चालतं. जिथं भात होता तिथं आता जाळी आणि सापळे लावून मासे, कोळंबी, खेकडे धरतात. तरुण मुलं-मुली महामार्गावरच्या कारखान्यांत कामाला जातात. म्हणजे त्याच उद्योगपट्ट्याची मजुरी घरी आणतात, जिथल्या विहिरी त्यांच्या पायाखालचं पाणी ओढून घेतात. गावाची ही कोंडी फार क्लेशकारक आहे.

आणि इथं त्यांचं कबरस्तान आहे. तेही पाण्याखाली गेलं होतं. कुणी वारलं की ओहोटीची वाट पाहायची आणि खड्ड्यातलं पाणी उपसून माती द्यायची, अशी वेळ आली. मग लोकांनी एकत्र येऊन भर घातली, बांबूचं कुंपण केलं आणि कबरस्तान वर उचललं. जावातल्या खेड्यांत सार्वजनिक काम सगळ्यांनी मिळून करायची रीत जुनी आहे, तिला ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. लाकडी पूलही असाच वर्गणी, मिळालेली मदत आणि स्वतःची मेहनत यांतून झाला.

बायकांच्या वाट्याला यातलं बरंच ओझं येतं. नवऱ्याबरोबर होडीवर जाऊन जाळी ओढणाऱ्या बाईच्या ओळखपत्रावर व्यवसाय म्हणून ‘गृहिणी’ लिहिलेलं असे. त्यामुळे मच्छीमारांचा विमा आणि सवलती तिला मिळत नसत. देमाक जिल्ह्यातल्याच मस्नुआ यांनी २००५ मध्ये ‘पुस्पिता बहारी’ ही मच्छीमार बायकांची संघटना उभी केली आणि हा प्रश्न लावून धरला. पुढं जिल्ह्यातल्या काही बायकांना मच्छीमार म्हणून अधिकृत कार्ड मिळालं. संख्येनं त्या थोड्या आहेत, पण पहिल्यांदाच सरकारी कागदानं त्यांचं काम पाहिलं.

किनारा वाचवण्याचे मोठे प्रयत्नही झाले. २०१५ पासून इंडोनेशियाचं सरकार, वेटलँड्स इंटरनॅशनल आणि डच संस्थांनी देमाकच्या सुमारे वीस किलोमीटर किनाऱ्यावर बांबू आणि फांद्यांचे झिरपते बांध घातले. पाणी त्यांतून आरपार जातं, गाळ मात्र मागं बसतो, आणि त्या गाळावर तिवरं आपोआप रुजतात. कल्पना उत्तम होती आणि बऱ्याच ठिकाणी गाळ साठलाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये तिचा गौरव केला. पण लाकूड पोखरणाऱ्या सागरी जिवांनी बांबू खाल्ले, आणि जमीन अपेक्षेपेक्षा वेगानं बसत गेली. काही भागांत गाळ साठण्याचा वेग खचण्याच्या वेगापुढं कमी पडला.

आता भिंतींचे दिवस आहेत. सेमारांग-देमाक टोलरस्त्याचा सायुंग ते देमाक हा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. सेमारांगकडचा टप्पा समुद्राला अडवणारी भिंत म्हणूनही काम करील, अशा बेतानं आखला आहे. त्याहून मोठी योजना बांतेनपासून ग्रेसिकपर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळ्या उत्तर जावाला, सागरी भिंत घालण्याची आहे. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो यांनी त्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं.

पण भिंतीनं जमिनीचं खचणं थांबत नाही. टोकियोतही विसाव्या शतकात जमीन अशीच खचत होती. तिथं १९६० आणि ७० च्या दशकांत भूजलाच्या उपशावर कडक बंधनं घातली, कारखान्यांना पृष्ठभागावरचं पाणी दिलं, आणि खचणं जवळजवळ थांबलं. सायुंगच्या कारखान्यांना आणि वाड्यांना नळाचं पाणी देऊन विंधणविहिरी बंद करणं, हे काम भिंतीपेक्षा आधी व्हायला हवं. नाहीतर भिंतही त्याच मऊ मातीवर उभी असेल आणि दर वर्षी काही सेंटीमीटर खाली जाईल. २३ मे २०२२ रोजी सेमारांग बंदराचा बांध भरतीत फुटला आणि तिथल्या कारखान्यांतल्या हजारो कामगारांना कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडावं लागलं. तो बांधही याच खचणाऱ्या किनाऱ्यावर घातलेला होता.