बंदोबस्त पोचेपर्यंत



अध्यक्ष बोलायला उठतो तोवर मंडपात वरणाला फोडणी पडलेली असते. म्हणून एकच मुद्दा मांडतो. पोलिसांचा बंदोबस्त किंवा बचाव पथक पोचेपर्यंतचे पहिले काही तास माणसांनी कोणाच्या भरवशावर काढायचे?

नागपुरातली 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउटमध्ये शिरली. बचाव पथकं आली, लष्करही आलं. त्या दिवशी ज्यांना बाहेर काढलं त्यांत मूकबधिर शाळेची सुमारे 40 मुलं होती. भोंगा, गाडीवरचा लाउडस्पीकर, दारावरची थाप यातलं काहीच त्यांना ऐकू जात नाही. खांद्याला हात लावून उठवणाराच लागतो, आणि तो आधी ठरवून ठेवावा लागतो. आपल्या किती आपत्ती आराखड्यांत त्याचं नाव आहे?

पुरात शेजारी दोर टाकतो. दंगलीत त्याच शेजाऱ्याची भीती वाटू लागते, म्हणून तिथलं काम जास्त कठीण. 17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात दंगलीचा भडका उडाला, शहरातल्या 11 ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती 23 तारखेला पूर्ण उठली. रस्ते मोकळे व्हायला सहा दिवस लागले. मनांचं मोजमाप कोणी केलेलं नाही.

मनं जुळवण्याचा एक दाखला भिवंडीचा आहे. तिनं 1970 आणि 1984 अशा दोन मोठ्या दंगली पाहिल्या. 1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. सणाच्या तोंडावर चहा-बिस्किटं खाऊन उठणारी आपली शांतता समिती वेगळी. मोहल्ला समितीत गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान, पोलिसांसोबत वर्षभर बसत, नळाच्या नि उधारीच्या भांडणापासून सगळं तिथेच मिटवत. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती, तरी समित्या टिकून होत्या. समित्या अशा टिकल्या, हे यश मला त्या शांततेहूनही मोठं वाटतं.

पोलिसांच्या नोकरीत असताना एका संचारबंदीत मी नाक्यावर उभा होतो. एक वृद्ध गृहस्थ इन्सुलिनची रिकामी बाटली धरून गल्लीच्या तोंडाशी थबकले. पुढे यायची हिंमत होईना. त्या गल्लीची रोजची गस्त सांभाळणारा आमचा बीट अंमलदार लांबूनच म्हणाला, "काकाजी, थांबा तिथंच, मी आणून देतो." औषधवाल्याचं शटर अर्धं वर करून त्यानं बाटली आणली. हुद्द्यानं मी मोठा होतो, पण त्या गल्लीत मला ओळखणारं कोणी नव्हतं.

आता नागपूरच्या कडेच्या आपल्या बेसाकडे पाहा. कालपरवापर्यंत इथे शेतं होती, आज फ्लॅट स्कीमला फ्लॅट स्कीम लागून आहे. गेटवर चौकीदार, जिन्यात कॅमेरा, आणि समोरच्या दारावरची पाटी मात्र कोणी वाचलेली नसते. शिकायचं तर दूर जायलाही नको. 1957 मध्ये सुरू झालेली, नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था याच नागपुरात आहे. देशभरातून लोक इथे शिकायला येतात. आपण तिच्या फाटकावरून रोज नुसते जातो.

ठराव पुष्कळ झाले, त्यांत माझी भर नको. घरी गेल्यावर आपल्या मजल्यावर एकटं कोण राहतं, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला चालवत नाही, हे विचारून घ्या. आणि आपल्या बीट अंमलदाराचा नंबर आजच मोबाइलमध्ये टाका.