आजारपणाचा खाडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरच्या कोणा शिकलेल्या बाईंना बोलावतो. यंदा आपल्यातलीच एकजण बोलू दे असे ठरले आणि माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठे शब्द मला येत नाहीत; पण खाडा म्हणजे काय, हे इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगाराच्या बायकोला कोणी शिकवावे लागत नाही. त्याविषयीच बोलते.

पगारी रजा असलेल्या घरात माणसाने अंथरूण धरले की घरची बाई औषधाची, पथ्याची नि जाग्रणाची काळजी करते. आपल्या घरात ती आधी बोटे मोजते. आपली मजुरी मीटरवर. माणूस घरी राहिला की कापड नाही, आणि कापड नाही म्हणजे बटवडा नाही. दवाखान्यात जातात ते पैसे वेगळे आणि यायचे ते येत नाहीत ते वेगळे. दवाखान्याचे बिल चार माणसांना दिसते, विचारपूस होते. न आलेला बटवडा मात्र फक्त डबे उघडणाऱ्या बाईला दिसतो.

तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या ह्यांना कावीळ झाली. तेवीस दिवस घरी होते. मालक वाईट बोलले नाहीत, एकदा घरी येऊन बघूनही गेले. पण पैसे दिले ते उचल म्हणून. पुढे प्रत्येक बटवड्यातून ती उचल कापली जाऊ लागली आणि दिवाळी झाली तरी फिटली नाही. डॉक्टरांनी आणखी पंधरा दिवस विश्रांती सांगितली होती, तरी हे रात्रपाळीला उभे राहिले. अंगात ताकद नसलेल्या माणसाने बारा तास मागावर उभे राहायचे, आणि मागाचा धोटा उसळला तर तो काही समोरचा आजारी आहे म्हणून थांबत नाही! त्या दिवसांत मला रात्री झोप लागत नसे. कांडी भरणाऱ्या आपल्या बायकांचे तर विचारूच नका. त्यांना स्वतः आजारी पडावेसुद्धा लागत नाही. पोराला ताप आला की आईचा खाडा ठरलेलाच.

कोणी म्हणेल, आजारपणात मजुरी मागणे हे नवेच खूळ निघाले. ते नवे नाही. 1943 साली सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आजारविम्याची योजना आखायला सांगितले. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पुढे 1948 साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 1952 साली कानपूर व दिल्लीत योजना चालू झाली. आता तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे.

हिशेब असा आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेला कारखाना आणि 21,000 रुपयांपर्यंत महिना पगार असलेला कामगार यात येतो. कामगाराचे शंभराला पाऊण रुपया कापतात, मालक सव्वातीन रुपये घालतो. महिना 12,000 पगार धरला तर कामगाराचे 90 आणि मालकाचे 390. सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर आजारपणात रोजाच्या शंभरातले सत्तर मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत. म्हणजे 400 रुपये रोजाचा माणूस दहा दिवस पडला तर 2,240 रुपये घरात येतात. दोन वर्षे विम्यात असलेल्याला क्षयासारखा लांबणारा आजार झाला तर शंभराला ऐंशी, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. पूर्ण मजुरी नव्हे, पण उचल नव्हे आणि उपकारही नव्हे.

मग अडले कुठे? अडले त्या 'दहा माणसां'पाशी. आपल्याकडे किती शेडमध्ये चार-सहाच माणसे असतात. काही ठिकाणी तर एकाच पत्र्याखालचे माग कागदावर तिघांच्या नावे असतात, हे सांगायला का लाजावे?

मालकांची बाजूही मी ऐकली आहे. लोक खोटे आजारी पडतील, म्हणतात. पण जो रोज राबून पूर्ण मजुरी मिळवतो, तो सत्तर रुपयांसाठी डॉक्टरचा दाखला घेत कशाला फिरेल? दुसरे म्हणणे असे की खर्चीवाल्या छोट्या मालकाच्या हातातच काही उरत नाही. हे मात्र खरे आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि हा मधल्यामध्ये वीजबिल भरतो. म्हणून त्या एकट्याच्या गळ्यात हे घालू नये असे मला वाटते. हमालांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला. मालक अनेक, पण लेव्ही एका मंडळात जमा होते. तसे व्यापाऱ्यासकट सगळ्यांकडून थोडे थोडे घेऊन लहान शेडमधल्या माणसाची सोय का होऊ नये?

आता थोडे कडू बोलते, राग मानू नका. आपल्यातल्या काहीजणींच्या घरी धुण्याभांड्याला बाई येते. ती तापाने चार दिवस आली नाही तर आपण काय करतो? मालकाने खाडा धरला म्हणून आपण बोटे मोडायची आणि तिचा खाडा मात्र कॅलेंडरवर फुल्या मारून आपण धरायचा, हे जमणार नाही. महिन्याला एक-दोन दिवस आजारपणाचे पैसे न कापता सोडावेत, असा ठराव मंडळाने आजच करावा अशी माझी सूचना आहे. काहीजणींना ते जड जाईल, हे मला ठाऊक आहे.

ज्यांच्या घरच्यांची कपात होते त्यांनी विमा क्रमांक घरी लिहून ठेवावा आणि आजार आला की पहिल्याच दिवशी विमा दवाखान्याचा दाखला घ्यावा. ज्यांची कपातच होत नाही, त्यांच्यासाठी कामगार अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मुलाकडून नीट लिहून आणला आहे. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ मिळेल. वाचून पाहावा, पटले तर सही करावी.