कुलूप लावलेली गच्ची

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे नोकरदार आले. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडची मंडळी लेकरांच्या शिक्षणासाठी हिंगोलीत राहायला आली आणि बैठ्या घरांच्या शेजारी तीन-चार मजल्यांची अपार्टमेंट उभी राहिली. माळवदाच्या घरात वाढलेली माणसं पहिल्यांदाच एका जिन्यात, एका टाकीच्या पाण्यावर राहू लागली. एकत्र राहायचं म्हणजे नियम आलेच. ते मला मान्य आहेत. मला बोलायचं आहे ते कुणीतरी ठरवून भिंतीला चिकटवलेल्या नियमांबद्दल.

अशाच एका जिन्यातला कागद माझ्या डोळ्यांपुढे आहे. ‘गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई. मुलांनी आवारात खेळू नये. अविवाहितांस फ्लॅट भाड्याने देऊ नये. आदेशावरून.’ खाली सही नाही, तारीख नाही, ठरावाचा क्रमांक नाही. आदेश कुणाचा, तेही नाही.

आता चैत्र-वैशाखात आपल्याकडे घराघरांत काय चाललेलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या. त्या इमारतीतल्या बायकांनी हे सगळं केलं. चिकाचं पातेलं दोघींनी धरून वर नेलं, तर गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष परगावी. शिजलेला चीक कुणासाठी थांबत नाही. शेवटी हॉलमध्ये जुनं लुगडं अंथरून, पंखा लावून कुरडया घातल्या. कुरडईला वैशाखाचं ऊन लागतं, पंख्याचा वारा तिला पुरत नाही. दुसऱ्या दिवशी सगळा घाणा आंबला. वर्षाच्या बेगमीचं सामान आणि चार घरच्या बायकांचे कष्ट वाया गेले. त्या गच्चीचे पैसे या चारही घरांनी मोजलेले होते. मला याचा राग येतो आणि तो येणं मला रास्त वाटतं.

समितीचं म्हणणं असं की बाजेच्या पायांनी आणि कडेला ठेवलेल्या दगडांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटतं आणि वरच्या मजल्याला गळती लागते. हे म्हणणं खोटं नाही. पण मग सभेत विषय घ्यावा. गच्चीचा कोपरा ठरवावा, महिना ठरवावा, बाज न आणता सतरंजी अंथरायची असं ठरवावं. हे दहा मिनिटांत होणारं काम आहे. कुलूप लावायला दोनच मिनिटं लागतात, म्हणून कुलूप लागतं.

गृहनिर्माण संस्थेचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे चालतो. २०१९ साली या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. सहकार आयुक्तांनी २०१४ साली आदर्श उपविधी काढले आणि बहुतेक संस्थांनी तेच स्वीकारले आहेत. उपविधीत बदल करायचा असेल तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्या सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी तो मंजूर करावा लागतो. त्यानंतर निबंधकाकडे त्याची नोंदणी व्हावी लागते, तोपर्यंत तो बदल लागू होत नाही. वाहनं कुठे लावायची, गच्ची कशी वापरायची अशा रोजच्या गोष्टी सभेच्या ठरावाने ठरवता येतात, पण तोही ठराव उपविधीच्या चौकटीतच बसला पाहिजे. अध्यक्षांच्या मनात आलं आणि कागद चिकटवला, याला कायद्यात जागा नाही.

भाडेकरूंचंच पाहा. जिल्हा रुग्णालयात रुजू झालेली परिचारिका, बँकेत बदलून आलेला तरुण, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी खेड्यातली मुलं, यांना हिंगोलीत खोली शोधताना पहिला प्रश्न येतो तो लग्न झालंय का, हा. दुसरा आडनावाचा असतो. मालक तयार असतो, पण ‘सोसायटी परवानगी देत नाही’ असं सांगून दार बंद होतं. आदर्श उपविधी सांगतात की फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागतच नाही. आठ दिवस आधी संस्थेला कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. भाडेकरू ठेवला म्हणून जे बिनभोगवटा शुल्क घेतलं जातं, तेही शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही ठिकाणी भाडेकरू म्हटला की दुप्पट मेंटेनन्स मागतात. तो देऊ नका. आणि आडनाव विचारून माणसाला जिन्यातून परत पाठवणं ही तर शरमेची गोष्ट आहे, त्यासाठी उपविधी काढून दाखवायचीही गरज पडू नये.

तुम्ही म्हणाल, सभा होते की, आम्हीच जात नाही. खरं आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस सभासद, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. ते जमले नाहीत आणि नोटिशीत तशी वेळ दिलेली असली, की अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरते. त्या सभेला गणपूर्ती लागत नाही. इथेच सगळं घडतं. पार्किंगमध्ये सहा खुर्च्या, रजिस्टरवर चार सह्या, वरच्या मजल्यावर टीव्ही चालू, आणि वर्षभराचे निर्णय वीस मिनिटांत मंजूर. समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण त्यांच्या खुर्चीवर बहुधा त्यांचे यजमान बसलेले दिसतात. बाई समितीत खरोखर बसली असती, तर वैशाखात गच्चीला कुलूप लागलं नसतं.

समितीच्या माणसांवर मला सरसकट दोष टाकायचा नाही. सचिवाचं काम बिनपगारी असतं. रात्री अकराला मोटार बंद पडली की फोन त्यालाच येतो. मेंटेनन्स थकवणारे सभासद त्याच्याशीच हुज्जत घालतात. पण भार वाहणाऱ्याला हुकूम सोडण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

आणि जे नियम जिवाशी संबंधित आहेत, ते मात्र कागदातच राहतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा तेवढाच धक्का बसला. भांडी वाजली, लोक लेकरं कडेवर घेऊन खाली धावले. उपविधी सांगतात, इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम जमा व्हावी, असंही त्यांत आहे. तुमच्या इमारतीत या फंडाचा हिशेब शेवटचा कधी वाचून दाखवला? वाळवणाला मनाई करणारा कागद जिन्यात लागतो आणि त्याच जिन्यात खाली उतरायच्या वाटेवर तीन मोटारसायकली उभ्या असतात. त्यांच्यावर कुणी कागद चिकटवत नाही.

गाव लहान, सगळे ओळखीचे. तक्रार केली तर उद्या लग्नाकार्यात तोंड कसं दाखवायचं, ही अडचण मी जाणतो. म्हणून आधी भांडू नका, आधी लेखी विचारा. सचिवाला साधा अर्ज द्या: अमुक नियम कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने झाला, त्या इतिवृत्ताची प्रत मिळावी. फी भरून अशी प्रत मिळणं हा सभासदाचा हक्क आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार द्या. तुमच्या इमारतीत संस्थाच नोंदलेली नसेल, बिल्डर किंवा एखादा रहिवासी नुसता मोबाइलच्या ग्रुपवर वर्गणी गोळा करत असेल, तर आधी शेजाऱ्यांना एकत्र बसवा आणि संस्थेची किंवा अपार्टमेंटची रीतसर नोंदणी करून घ्या, कारण नोंदणी नसली तर हिशेब मागायचा तरी कुणाकडे? आणि यंदाच्या वार्षिक सभेची नोटीस आली की गच्चीचा विषय आधीच लेखी द्या. सभेच्या वेळेला पाच मिनिटं आधी खाली जा, जाताना शेजारच्या वहिनींनाही हाक मारा.