रसग्रहण आणि गाईड

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात साहित्याचे अध्ययन कसे चालते, याविषयी चळवळीत फारसे बोलले जात नाही. शुल्कवाढ, शिष्यवृत्ती, वसतिगृहे यांसाठी मोर्चे निघतात. ते निघालेच पाहिजेत. परंतु वर्गात पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काय पडते, हा प्रश्नही तितकाच आर्थिक आहे. बहुधा त्याच्या हाती गाईड पडते. 'रसग्रहण करा' या प्रश्नाचे उत्तर त्यात तयार असते. नावे बदलली की तेच दुसऱ्या कृतीलाही चालते! ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरात पहिले पुस्तक पाठ्यपुस्तक म्हणूनच आले, त्याची मात्र साहित्याशी गाठच पडत नाही.

अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा' ही कादंबरी घ्या. इंग्रजी अंमल, दुष्काळ, उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मातंग वीर, एवढे सार दोन ओळींत सांगता येते. पण कादंबरी तेथून सुरू होत नाही. आधी येतो फकिराचा बाप राणोजी. गावाच्या मानासाठी तो परगावची जोगणी आणतो आणि त्यापायी मारला जातो. दुष्काळ नंतर येतो. लेखकाने हा क्रम का ठेवला असावा? ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यातल्याच एकाने प्राण देऊन गावाची इभ्रत राखली, हे वाचकाने आधीच पाहिलेले असते. त्यामुळे पुढे धान्य लुटले जाते तेव्हा कोण कोणाचे देणे लागतो, हा हिशेबच त्याच्या मनात फिरलेला असतो. पुस्तक हाती धरून, मागेपुढे पाने उलटून वाचल्याखेरीज हे उमगत नाही. रसग्रहण म्हणतात ते हेच. त्यासाठी उपजत अभिरुची लागत नाही. सवड लागते आणि मूळ पुस्तक लागते.

कार्यकर्तेही या दोषातून सुटलेले नाहीत. 'संदेश काय?' एवढेच विचारून पुस्तक मिटणारा कार्यकर्ता मनातल्या मनात गाईडच लिहीत असतो.

भरगच्च वर्गात असे वाचन करवून घेणे कठीण. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला तर फारच कठीण. तरी नेमलेल्या पुस्तकाच्या पुरेशा प्रती ग्रंथालयात ठेवाव्यात, ही ओळ शुल्कवाढीविरुद्धच्या निवेदनात सहज घालता येईल. आणि पुढील अभ्यासवर्गात, भाषणे सुरू होण्यापूर्वी, राणोजीची कथा कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी.